राहा इथंच

१

रविवारी आमच्या घरात कुकर सहाला लागतो. बाकीच्या दिवशी साडेसातला. हडपसरच्या गाडीतळावरून सात वीसची बस सुटते आणि बापूराव कुणासाठी थांबत नाहीत.

बापूराव आमच्याच गल्लीतले. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर माणसं पारावर बसतात, यांनी चालणाऱ्यांची टोळी जमवली. दर रविवारी एक टेकडी. अट एकच, टेकडीच्या पायथ्याला शहराची बस गेली पाहिजे. "ज्यांच्याकडं स्वतःची गाडी आहे त्यांनी हिमालयात जावं," असं ते म्हणतात, आणि हसत नाहीत.

मला हे चालणं डॉक्टरीणबाईंनी लावून दिलं. शेफू झाल्यापासून मला काळजी लागते. सगळ्याच आयांना लागते, पण मला जास्त. गॅस बंद केला का ते मी चारदा बघते. शेफू झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, आणि ती आता चार वर्षांची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी लिहून देते, पण नुसत्या गोळीनं भागायचं नाही. घराबाहेर पडा, माणसांत चाला." मी शेफूला बरोबर घेऊनच जायला लागले. तिला घरी ठेवून मला दोन पावलंसुद्धा टाकता आली नसती.

शेफू म्हणजे नुसता हट्ट. चप्पल उलट्या पायांत घालणार, आणि सरळ करायला गेलं की जमिनीवर लोळण. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून शिट्टीपेक्षा मोठ्यानं ओरडणार. झोपेतसुद्धा बोलणार. माझ्या सासूबाई, मथुराबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या म्हणायच्या, "ही पोरगी न्हाई, रेडिओ हाय. बंद करायचं बटणच द्यायचं इसरला द्येव."

मीही हसायचे. खरं सांगायचं तर कधीकधी मलाही वाटायचं, एखादा दिवस तरी ही गप्प बसावी. एकच दिवस.

२

त्या रविवारी आम्ही घाट चढून पलीकडं गेलो. पुण्याच्या भोवती सगळा काळा दगड. ही टेकडी मात्र चुनखडीची, पांढरी. बसमधून उतरल्यावर पहिल्यांदा वाटलं की कुणी वर पीठ सांडलंय. जुन्या काळी तिथं चुन्याची खाण होती, भाजायच्या भट्ट्या होत्या. आता भट्ट्यांत बाभळी उगवल्यात आणि खाण म्हणजे टेकडीच्या डोक्यावर कापलेला एक मोठा खड्डा. बाजूच्या भिंती सरळ, खरवस कापल्यासारख्या.

उतरल्या उतरल्या बापूरावांनी डोकी मोजली. "तेरा मोठे, एक लहान. परत येताना एवढेच पाहिजेत. जास्त नकोत, कमी नकोत."

चढायला तासभर लागला. फुफाटा एवढा मऊ की पावलांचा आवाजच येत नव्हता. चौदा माणसं चालतायत आणि आवाज नाही, हे मला बरं वाटेना. मी शेफूच्या बोलण्याकडं कान लावून चालले. ती बोलत होतीच. सरडा कुठं झोपतो, त्याला आई असते का, ती त्याला अंघोळ घालते का.

खाणीच्या काठावर बसून डबे खाल्ले. माझ्या शेजारच्या हमीदाभाभी, त्यांनीच मला या मंडळींत ओढलं, त्या काठाशी उभ्या राहून खाली ओरडल्या, "ओ खाणवाले! हाय का कुणी घरात?" आवाज खाली गेला, भिंतींना लागला आणि जरा उशिरानं परत आला.

"वहिनी, ती खाण आहे," बापूराव म्हणाले. "चौकशीची खिडकी नाही."

सगळे हसले. शेफू हसली नाही. काठाजवळच्या एका सपाट दगडावर बसून ती खाली बघत होती. बघता बघता तिनं बोलणं थांबवलं होतं. मी लगेच जाऊन तिचं कपाळ बघितलं. ताप नव्हता.

बारा दहाची बस होती, त्यानंतर एकदम तीनला. बापूरावांनी शिट्टी मारली आणि सगळे उतरायला लागले. शेफू दगडावरून उठेना.

"उचल."

"शेफू, माझी पाठ दुखतीये. खाली गेल्यावर उचलते."

"नाही. आत्ता उचल."

गोळी-बिस्कीट सांगून झालं. बाबांना फोन लावते म्हणून झालं. मंडळी खालच्या वळणावर पोचली. बस चुकणार, तीनपर्यंत या उन्हात. मग मी तेच म्हणाले जे रस्त्यावरची प्रत्येक आई म्हणते, मंडईत म्हणते, दवाखान्यात म्हणते.

"बरं. राहा इथंच. मी चालले."

आणि वळले. मागं बघायचं नाही, हे सगळ्या आयांना माहीत असतं. बघितलं की पोर जिंकतं. मी पावलं मोजत उतरले. वीसपर्यंत मोजली. एकविसाव्या पावलाला माझ्या हातात छोटा हात आला.

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "आलीस ना? शहाणी माझी बाई." तो हात धरून मी भराभर उतरले. वळणावर येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.

मी तिला मागं ठेवून आले होते. हात पुढून आला होता.

३

खाली बापूरावांनी डोकी मोजली. तेरा मोठे, एक लहान.

लहान मुलं कुठूनही वाट काढतात. दगडामागून एखादी शेळ्यांची पायवाट असेल, तिथून पळत ती माझ्या पुढं आली असेल. बसमध्ये मी स्वतःला हेच समजावलं. शेफू मांडीवर न बसता शेजारच्या सीटवर सरळ बसली होती, हात मांडीवर ठेवून. सासवड रस्त्याची ट्रॅफिक लागली तरी कुरकुर नाही. हमीदाभाभी म्हणाल्या, "आज बॅटरी उतरली वाटतं हिची."

घरी आल्यावर तिनं चपला काढून जोडीनं भिंतीशी लावल्या. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं.

संध्याकाळी अंघोळ घातली. अंगावरचं पांढरं जाईना. पहिली बादली दुधासारखी झाली, दुसरी थोडी कमी. तिसऱ्या बादलीला मी थांबले, कारण तिनं डोळ्यांत साबण जाऊनही एकदासुद्धा "आई गं" केलं नव्हतं. डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "डोळे मीट." तिनं मिटले.

रात्रीच्या भाताला कुकर लावला. शिट्टी झाली. माझे हात सवयीनं तिचे कान झाकायला गेले. ती पोळीचा तुकडा चावत होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"बघा," आत्याबाई म्हणाल्या, "डोंगर चढला की पोरं शानी होत्यात. दर आयतवारी ने हिला."

ती झोपल्यावर मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. गार होता. थंडीचे दिवस होते, खिडकी उघडी होती. मी उठून खिडकी लावली आणि परत बोट धरलं.

४

सोमवारी, मंगळवारी घरात सगळे खूश. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, काय जादू केलीत. शेफू "खा" म्हटलं की खायची, "पुरे" म्हटलं की थांबायची. मात्र म्हटल्याशिवाय काहीच करायची नाही. पाणी पी म्हटलं नाही तर दिवसभर पाणी प्यायची नाही. मी बघितलं. दुपारी एकला अंगणवाडीतून आणल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत मी मुद्दाम काही म्हटलं नाही, आणि मग मलाच भ्यायला होऊन मी तिच्या तोंडाला पेला लावला. तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मी पेला काढून घेतला नसता तर रिकामा पेला तसाच तोंडाला धरून बसली असती.

माझे मिस्टर समाधान एका कंपनीच्या कँटीनला आहेत. मंगळवारी ते दुपारीच घरी आले तेव्हा मी त्यांना मोरीत नेऊन बादली दाखवली. आतून पांढरा थर चढला होता, नखानं खरवडला की निघायचा.

"अहो, हे शेफूच्या अंघोळीचं आहे."

"निशा, हे बोअरचं पाणी आहे. सगळ्या गल्लीच्या बादल्या अशाच आहेत. गिझर उघडून बघ, आत चुना निघेल."

"तीन दिवसांत एवढा?"

त्यांनी बादली भिंतीला लावली. ते चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत. "गोळी घेतीयेस ना?"

"घेतीये."

"पोरगी रडत होती तेव्हा काळजी. आता रडत नाही तर त्याची काळजी." मग त्यांनी शेफूला हाक मारली, "शेफू, आईला पापी दे." ती आली, तिनं मला पापी दिली आणि तिथंच उभी राहिली. तिला जा म्हणायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हमीदाभाभींकडं गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाभी, रविवारी उतरताना तुम्ही वळणावर होता ना? शेफू कुठून आली, दिसलं का तुम्हाला?"

"कुठून म्हणजे? तुझ्याबरोबर आली."

"पण तुम्ही बघितलं का?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मी वर बघितलं तेव्हा तू एकटीच उतरत होतीस. पण हात असा धरलेला होता बघ तुझा." त्यांनी आपला हात अंगापासून जरा लांब, खाली धरून दाखवला. कुणी लहान बाजूनं चालत असावं तसा. "मला वाटलं ही बाई बिनपोरीचं काय बोट धरून चाललीये. मग वळणावर आलात तर दिसली की पोर. मध्ये झुडूप आडवं आलं असेल."

"तिथं झुडूप नव्हतं, भाभी."

"मग माझा चष्मा आडवा आला असेल!" त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "निशा, अगं चौदा गेलो, चौदा आलो. बापूरावांचं मोजणं तीस वर्षांत चुकलं नाही. उगीच जिवाला घोर लावू नकोस."

चौदा गेलो, चौदा आलो. घरी येईपर्यंत मी हेच मनात घोकलं. खरंच होतं ते. वरून कुणी कमी झालं असतं तर खाली कळलं असतं.

कुणी कमी झालं आणि कुणी वाढलं, तर मात्र कळलं नसतं.

५

गुरुवारी आत्याबाई भजनाला गेल्या होत्या आणि दूध नासलं. मी शेफूला म्हणाले, "इथं बस, मी कोपऱ्यावरून पिशवी घेऊन येते. पाच मिनिटं." आधीची शेफू असती तर मी असं कधी केलं नसतं. आधीची शेफू पाच मिनिटांत गॅसवर चढली असती.

बघा, मी "आधीची" म्हणायला लागले होते.

कोपऱ्यावरची डेअरी बंद होती. पुढच्या चौकात गेले तर तिथं खोदकाम, रस्ता अडवलेला. वळसा घालून परत यायला पाऊण तास झाला असेल. शेवटचा रस्ता मी पळत आले. दार उघडताना किल्ली दोनदा हातातून पडली.

ती तिथंच होती. पलंगाच्या कडेला, मी बसवली होती तशीच. डावा पाय जरा वर, कारण मी निघाले तेव्हा तो तसा होता. तो तिनं खाली टेकवला नव्हता. तिच्या गालावर माशी बसली होती. ती गालावरून ओठावर चालत गेली आणि शेफूनं ती उडवली नाही.

"शेफू?"

"आई."

"तू हललीच नाहीस?"

"तू म्हणालीस इथं बस."

मी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजत होतं, ते लांब जाईपर्यंत ऐकत राहिले. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. माझ्या मुलीनं चार वर्षांत माझं एकदाही ऐकलेलं नाही. मी म्हटलेलं एकसुद्धा काम तिनं कधी केलेलं नाही.

तेवढं एकदाच ऐकलं असेल तर?

मी म्हणाले होते, राहा इथंच.

६

शुक्रवारी सकाळी मी आत्याबाईंना सांगितलं, शेफूला दवाखान्यात दाखवून आणते.

"काय झालंय तिला? चांगली गुणाची झालीये." मग त्यांची नजर पिशवीकडं गेली. "दवाखान्यात जायला पान्याच्या तीन बाटल्या? आन पोरीचे कपडे कशापायी? आन ह्यो साजूक तुपाचा डबा?"

"रांग असते, आत्याबाई."

"रांगंत काय शिरा करून वाढतीस का?"

मी पिशवी उचलली. शेफूचा हात धरून निघाले. तो हात आता माझ्या ओळखीचा झाला होता, हे मला रस्त्यात जाणवलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. चार दिवस रोज तोच हात धरून मी तिला अंगणवाडीत सोडत होते. रोज तिच्या केसांना तेल लावत होते. ती मला आई म्हणत होती.

बसमध्ये मी मनाशी ठरवलं होतं ते असं. वर जायचं, तो दगड बघायचा. तिथं कुणी नसणार. कारण पाच दिवस पाण्याशिवाय, उन्हात आणि रात्रीच्या थंडीत चार वर्षांचं पोर... हे वाक्य मी पुरं केलं नाही. तिथं कुणी नसणार, कारण कुणी राहिलंच नाही. हे डोळ्यांनी बघायचं, परत यायचं, गोळी एकाऐवजी दोन घ्यायच्या आणि हिला, माझ्या शेफूला, पोटाशी धरून रडायचं.

आणि तरी मी तीन बाटल्या पाणी घेतलं होतं, चुन्यानं अंग पोळलं असेल तर लावायला तूप घेतलं होतं.

साडेदहाला उतरलो. स्टॉपवर कुणी नव्हतं. ती माझ्यापुढं एक पाऊल चालत होती, न दमता, न बोलता. आठवड्याच्या मधल्या दिवशी टेकडीवर माणूस नसतं. गुराखी नाही, कुत्रं नाही. फुफाट्यात आमची पावलं वाजत नव्हती. मला माझाच श्वास ऐकू येत होता. तिचा येत नव्हता.

सपाट दगडावर कुणी नव्हतं.

मी तिथंच खाली बसले आणि हसायला लागले. "बघ, शेफू, कुणी नाही. तुझी आई येडी आहे." ती दगडाकडं बघत होती. मग मीही नीट बघितलं.

दगडापासून फुफाट्यात एक रेघ गेली होती. रुंद, उथळ. लहान मूल उतारावरून ढुंगण घासत, हातांनी रेटत उतरतं तशी. दोन्ही बाजूंना मध्ये मध्ये हाताचे पंजे टेकल्यासारखे खळगे. रेघ काठापर्यंत गेली होती आणि काठाच्या आत, खाणीत, उतरली होती.

वारा असेल. ससा असेल. घोरपड असेल, घोरपडीची शेपटी अशी ओढत जाते म्हणतात.

तेव्हा खालून रडण्याचा आवाज आला.

मी तो आवाज सांगू शकत नाही. आई असलेल्या बाईलाच तो कळेल. शंभर पोरं एका मैदानात रडत असली तरी आपलं कुठलं ते बाईच्या छातीला कळतं. तो शेफूचा आवाज होता. हट्टाचा, घसा खरवडून काढलेला, मध्येच श्वास अडकून परत लागणारा. पाच दिवसांत मी तो ऐकला नव्हता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं की मी रोज त्याची वाट बघत होते.

मी काठावर पोटावर पडले आणि खाली बघितलं. ऊन इतकं पांढरं होतं की आधी काही दिसेना. मग समोरच्या भिंतीची सावली दिसली. सावलीत काहीतरी बसलेलं होतं. गुडघे पोटाशी, तोंड गुडघ्यांत. एवढंच उंच. पांढरं. पण तिथं सगळंच पांढरं होतं. दगड म्हटलं असतं तर दगडच होता तो.

फक्त त्याचे खांदे हुंदक्याबरोबर वरखाली होत होते.

"शेफू!" मी ओरडले. माझा आवाज खाली गेला आणि उशिरानं परत आला. रडणं थांबलं नाही. उतरायला डाव्या हाताला दगडांची एक घसरण होती. मी पिशवी खांद्याला लावली. पाय खाली सोडला.

माझ्या मागं, काठावर, ती रडायला लागली.

पाच दिवसांत पहिल्यांदा. घसा खरवडून, मध्येच श्वास अडकून. तोच आवाज. मी मान वळवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, दोन्ही हात माझ्याकडं पसरले होते. "आई, नको जाऊ! आई, उचल!"

मला आधी वाटलं, हे घुमणं आहे. हिचा आवाज खाली जाऊन परत येतोय. म्हणजे सगळं सोपं होतं. एकच मूल, एकच रडणं, आणि खाणीच्या भिंती. मी जीव कानात आणून ऐकलं.

हुंदका आधी खालून येत होता. मग तोच हुंदका वर, हिच्या तोंडातून. दरवेळी आधी खालून.

मी तशीच लटकलेली. एक पाय दगडांवर, एक काठावर. खाली बघितलं तर ते बसलेलं. वर बघितलं तर ही, हात पसरून. हिचं नाक गळत होतं आणि ते मला पुसायचं होतं. पाच दिवस अन्नपाण्यावाचून राहिलेलं पोर एवढ्या जोरानं रडू शकत नाही, हे मला कळत होतं. पोरगी पाऊण तास पाय अधांतरी धरून बसू शकत नाही, हेही कळत होतं. दोन्ही खरं होतं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं, कुणीतरी, आत्याबाईंनी, बापूरावांनी, कुणीही.

खालचं रडणं एकदम थांबलं. खांदे हलायचे थांबले. डोकं गुडघ्यांतून हळूहळू वर यायला लागलं.

तोंड दिसायच्या आधी मी नजर फिरवली.

जी हाताशी होती तिला उचललं आणि पळाले.

७

पिशवी कुठं पडली आठवत नाही. माझ्या पायात चप्पल एकच उरली होती. कडेवर ती माझ्या मानेला घट्ट धरून होती, तिचे अश्रू माझ्या गळ्यावर गरम लागत होते. गरम. मी तेवढंच धरून पळत होते. अश्रू गरम आहेत, म्हणजे ही माझी आहे. गार श्वास थंडीमुळं. बादली बोअरच्या पाण्यामुळं. गुणी झाली, मुलं होतात गुणी. मी सगळं एकेक करून जागेवर लावत होते आणि उतरत होते.

स्टॉपवर बस उभी होती. रिकामी. ड्रायव्हर खिडकीशी रेलून फोनवर काहीतरी बघत होता. मी चढले आणि मागच्या सीटवर बसले. ती माझ्या मांडीवर उभी राहिली, माझ्या खांद्यावरून मागच्या काचेतून टेकडीकडं तोंड करून. रडणं थांबलं होतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. माझं तोंड पुढं, ड्रायव्हरकडं होतं.

थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी म्हणाली, "आई, ती उठली."

मी तिचं डोकं खांद्यावर दाबलं.

"आई, ती खाली येतीये."

"दादा," मी ओरडले, "गाडी काढा ना!"

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. माझे केस, एक अनवाणी पाय, अंगभर फुफाटा. "ताई, चार मिनिटं आहेत अजून. एवढी घाई काय? कुणी यायचं राहिलंय का तुमचं?"

मागच्या काचेतून मला काही दिसत नव्हतं, कारण मी बघत नव्हते. बसच्या बाहेर, लांब, फुफाट्यात पावलांचा आवाज होत नाही, हे मला माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही दोघीच आहोत. दरवाजा लावून घ्या."